नाणेघाटची सहल आणि एक फॉर्म

सहल म्हटली की महाबळेश्वर नाहीतर समुद्रकिनारा, हे ठरलेलेच. या वेळी आम्ही लासुर्ण्याच्या सहा कुटुंबांनी वेगळे ठरवले. मुलांना दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापाराची वाट दाखवायची! गाडीभाडे महिलांनी भिशीतून जमवले. शेजारचे तात्या सुपे-टोपल्या विणतात. त्यांनाही मुलासह आग्रहाने सोबत घेतले. मुलगा बारावीला. फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ आला की तो ‘मजुरी’ लिहितो. बुरूडकाम लिहायला लाजतो.

पहाटे निघून बारामतीमार्गे, नारायणगावावरून जुन्नर गाठले. पुढे घाटघर ओलांडले की नाणेघाट. कल्याण-सोपारा बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरच्या पेठेत चढत असे. माथ्यावर कातळात चिंचोळी खिंड, जवळच मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकीत, असे परंपरेने सांगतात.

खिंडीजवळच्या गुहेत ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख आहे. राणी नागनिकेशी जोडल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे कोरले आहेत. मी कारकून माणूस, नजर आकड्यांवरच खिळली. त्यात शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज वर नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

माझ्या धाकटीने विचारले, “राजाराणीची नावं आहेत, मग ओझी वाहणाऱ्यांची कुठं आहेत?”

प्रश्न साऱ्या जगाचाच आहे. अमेरिकेत मिसुरी नदीकाठी 1828 साली अमेरिकन फर कंपनीने फोर्ट युनियन हे व्यापारी ठाणे वसवले. असिनीबॉइन, क्रो वगैरे मूळ रहिवासी तेथे बीव्हर नावाच्या प्राण्याची आणि रानरेड्यांची केसाळ कातडी आणीत. बदल्यात कापड, बंदुका, भांडी, मणी घेत. रेड्यांची कातडी कमावण्याचे कष्टाचे काम त्यांच्या बायका करीत. 1837 साली कंपनीच्या आगबोटीबरोबर देवीची साथ आली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. 1867 साली ठाणे मोडले. पुढे सरकारने त्याच जागी ते पुन्हा बांधले. आज लोक ते सहकुटुंब पाहायला जातात. तट, बुरूज, दुकान पुन्हा उभे राहिले. पण कातडी कमावणाऱ्या त्या बायकांपैकी किती जणींची नावे कुणाला ठाऊक असतील?

नाणेघाटात काहीच पुन्हा बांधलेले नाही. मात्र धाकटीच्या प्रश्नाचे थोडे उत्तर जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत सापडते. दुपारी आम्ही लेण्याद्री चढलो. तिथले चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. तो हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा मुलगा. जुन्नरच्या इतर लेखांत धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा वा व्यापाऱ्यांचा संघ, जणू आजची सोसायटी. आणखी एका लेखात दानाची ठेव दोन श्रेणींकडे ठेवली आहे. एक कासारांची आणि दुसरी वसकारांची.

“वसकार म्हणजे कोण?” तात्यांच्या मुलाने विचारले.

“वंश म्हणजे बांबू. बांबूकाम करणारे. लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता, की धर्मकार्याचा पैसा त्यांच्याकडे ठेवीत. अशा ठेवींच्या व्याजातून दानाचे काम चालू राही.”

तात्या पायरीवर बसले होते. म्हणाले, “भाऊसाहेब, म्हंजी आमच्या लोकांची बँक व्हती म्हणा की!”

सगळे हसले. पोरगा हसला नाही. त्याने खिशातून डायरी काढून ‘वसकार’ हा शब्द लिहून घेतला.

जूनमध्ये तो कॉलेजचा फॉर्म तपासून घ्यायला माझ्याकडे आला. वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिले होते, ‘बांबूकाम’. मी फक्त सही कुठे करायची ते दाखवले.

वाचकहो, एकदा मुलाबाळांसह ही वाट जरूर पाहा. पावसाळ्यात खिंड निसरडी असते, हिवाळ्यात जावे. लेण्याद्रीला पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. म्हाताऱ्यांना दमादमाने चढवावे. पाणी-भाकरी सोबत ठेवावी. आणि कोरीव लेखांवर हात फिरवू नये, आपली नावे तर मुळीच लिहू नयेत.