पराभवाच्या दुसऱ्या दिवशी कोच काय करतो?

मागच्या भागानंतर इंदूरहून एका पालकांचा निरोप आला. त्यांची मुलगी शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. संघ सलग तीन सामने हरला आणि कोच बदलावा म्हणून पालकांनी सह्यांचा कागद फिरवला. 'सही करू की नको? कोच चांगला आहे की नाही, हे आमच्यासारख्यांना कसं कळणार?' असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तरासाठी एका मोठ्या कोचची कारकीर्द पाहू. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये सॅन अँटोनिओ स्पर्स नावाचा संघ आहे. 1996 ते 2025 त्याचे मुख्य कोच होते ग्रेग पॉपोविच. मला ते जवळचे वाटतात, कारण तेही गणवेशातून आलेले. 1970 साली एअर फोर्स अकॅडमीतून बाहेर पडले, पाच वर्षं हवाई दलात होते, सैन्यदलांच्या संघातून खेळले.

1979 मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या छोट्या कॉलेज-संघाचे कोच झाले. त्या स्तरावर खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणजे चांगले खेळाडू बाहेरून ओढून आणण्याची सोय नाही. पहिल्या हंगामाचा निकाल? 2 विजय, 22 पराभव. तेव्हा कोणी सह्यांचा कागद फिरवला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. कॉलेजने त्यांना ठेवलं. 1986 मध्ये त्याच संघाने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं.

1988 मध्ये ते स्पर्सचे सहायक कोच झाले. मध्ये दोन वर्षं दुसऱ्या संघात काढून 1994 मध्ये जनरल मॅनेजर म्हणून परतले. डिसेंबर 1996 मध्ये संघ 18 पैकी 15 सामने हरलेला असताना त्यांनी कोचला काढलं आणि त्या खुर्चीवर स्वतः बसले. लोकांना हे अजिबात रुचलं नाही. संघाचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने जवळजवळ संपूर्ण हंगाम बाहेर होता. उरलेल्या 64 सामन्यांत फक्त 17 विजय मिळाले.

एनबीएमध्ये तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत पुढचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. त्या सोडतीत स्पर्सना पहिला क्रमांक मिळाला आणि 1997 मध्ये टिम डंकन संघात आला. याला नशीबच म्हणायचं. पण नशीब एकटं पुरत नाही. 1999 च्या हंगामात डंकन असूनही पहिल्या 14 पैकी 8 सामने गेले आणि पॉपोविच यांची नोकरी जाणार अशी चर्चा सुरू झाली. ज्येष्ठ खेळाडू मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या 36 पैकी 31 सामने जिंकून संघ त्या वर्षी प्रथमच विजेता ठरला. पुढे 2003, 2005 आणि 2007 मध्येही विजेतेपद आलं.

आता 2013 ची अंतिम फेरी, मायामी हीटविरुद्ध. स्पर्स 3-2 ने पुढे. सहाव्या सामन्यात 28 सेकंद उरले होते आणि आघाडी होती पाच गुणांची. शेवटच्या बचावाच्या वेळी पॉपोविच यांनी डंकनला बाकावर बसवलं. हीटचा नेम चुकला, पण रिबाउंड त्यांनाच मिळाला आणि रे ॲलनने तीन गुणांचा बास्केट करून बरोबरी साधली. जादा वेळेत सामना गेला, पुढे सातवाही गेला. डंकनला का बसवलं, यावर अमेरिकाभर टीका झाली.

सहाव्या सामन्याच्या रात्री विजयासाठी ठरवलेलं जेवण त्यांनी रद्द केलं नाही. सगळ्यांना एकत्र बसवलं आणि स्वतः प्रत्येकापाशी जाऊन बोलले. पुढच्या हंगामाचं सराव शिबिर सुरू झालं, तेव्हा त्याच पराभवाचं चित्रीकरण संघाला दाखवलं. जखम झाकून ठेवली नाही. 2014 मध्ये त्याच हीटला 4-1 ने हरवून त्यांनी पाचवं विजेतेपद मिळवलं.

इथे माझी एक चूक सांगतो. तरुण कॅप्टन असताना आमच्या युनिटच्या संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. शेवटच्या क्षणी नेम चुकला म्हणून मी एका जवानाला सर्वांसमोर संघातून काढलं. मला वाटलं, शिस्त लागली. त्यानंतरच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला बास्केटकडे चेंडू टाकायला कोणी धजेना. सामना गेला, तो माझ्यामुळे.

पॉपोविच मवाळ नव्हते. डंकनसारख्या अव्वल खेळाडूलाही ते सगळ्यांदेखत झापत. पण झापल्यावर पुढच्या सामन्यात चेंडू पुन्हा त्याच्याच हाती देत. मी नेमकं तेवढंच विसरलो होतो.

तर इंदूरच्या ताई, गुणफलक बाजूला ठेवा. पुढचा सामना हरला, तर दुसऱ्या दिवशी सरावाला जाऊन बसा. कोच आधी स्वतःची चूक सांगतो का? जिचा नेम चुकला, तिला पुन्हा चेंडू देतो का? बाकावरच्या मुलीला काही शिकवतो का? तिन्ही दिसलं, तर सही करू नका. त्याला वेळ द्या. आणि मुलींचा अपमान किंवा त्यांच्या सुरक्षिततेशी खेळ दिसला, तर संघ जिंकत असला तरी सही करा.