परसातील कोंबड्या आणि अंड्यांचे उत्पन्न

घरटी पाच-दहा कोंबड्या बाळगण्याची चाल महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. सकाळी डालगे उचलावे, कोंबड्यांनी दिवसभर उकिरड्यावर वेचून खावे आणि तिन्हीसांजेला परतावे, एवढाच काय तो खटाटोप. अशी देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. हे उत्पन्न बहुधा गृहिणीच्या हाती असते. त्यातून मीठमिरची भागते आणि मुलांच्या ताटात अंडे पडते. परंतु एखाद्या वर्षी मानमोडीची साथ येते आणि आठवड्याभरात खुराडे ओस पडते. हे नुकसान टाळून अंडी कशी वाढवावीत, याचा विचार येथे केला आहे.

पक्ष्यांची निवड

नवशिक्याने एक दिवसाची पिल्ले आणण्याच्या मोहात पडू नये. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते व जराशा हेळसांडीने ती दगावतात. त्याऐवजी लसीकरण झालेली सहा ते आठ आठवड्यांची दहा पिल्ले घ्यावीत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, तर वनराजा अंडी व मांस या दोहोंसाठी उपयुक्त आहे. मात्र या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून उबवणीसाठी घरात एक-दोन देशी कोंबड्या अवश्य ठेवाव्यात. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्ले काढावयाची असतील तरच तो हवा.

निवारा

दहा कोंबड्यांना रात्रीसाठी पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, हवेशीर आणि मुंगूस व रानमांजर शिरणार नाही असे असावे. आत बसण्यासाठी आडवी काठी बसवावी. चार-पाच कोंबड्यांमागे एक, याप्रमाणे गवत अंथरलेली खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावीत. तलंगांना जागेची सवय लागावी म्हणून खोक्यात अंड्यासारखा गुळगुळीत पांढरा दगड ठेवावा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. त्यांना दहा वाजेपर्यंत आत ठेवल्यास झुडपांत अंडी घालून ती वाया जात नाहीत.

खाद्य व पाणी

अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. फिरून मिळणारे किडे व दाणे यांतून त्याचा काही भागच भरून निघतो. यास्तव संध्याकाळी प्रत्येकी मूठभर मका, ज्वारी किंवा तांदळाची कणी द्यावी व त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड मिसळावी. बुरशी आलेली पेंड किंवा धान्य विषारी ठरू शकते. ते मुळीच देऊ नये.

अंड्याचे कवच मुख्यतः चुन्याचे असते. एका कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. ते खाद्यातून न मिळाल्यास कोंबडी प्रथम आपल्या हाडांतून काढते; मग कवच पातळ होते आणि अखेर अंडी थांबतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात नेहमी ठेवावा. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. चैत्र-वैशाखात भांडे सावलीत ठेवून पाणी दिवसातून तीनदा बदलावे.

अंडी कमी का होतात?

कोंबडीला अंड्यावर टिकून राहण्यास दिवसाचे १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, म्हणून त्या सुमारास अंडी घटतात. पहाटे दोन-तीन तास खुराड्यात छोटा दिवा लावल्यास ही घट कमी होते. पण तो रोज ठराविक वेळी लावावा. पाच महिन्यांच्या आतील तलंगांना वाढीव उजेड देऊ नये. वर्षभर अंडी दिल्यावर कोंबडी पिसे गाळते व काही आठवडे अंडी देत नाही. ही नैसर्गिक विश्रांती आहे, आजार नव्हे. पिल्ले नको असताना खुडूक झालेल्या कोंबडीला जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे, खाणे-पाणी नेहमीप्रमाणे द्यावे. ती पुन्हा अंड्यावर येते.

मानमोडी आणि गावाची एकजूट

कुमाऊँतील राणीखेत गावावरून ज्याला राणीखेत म्हणतात, तोच हा मानमोडी रोग. हिरवट हगवण, धाप लागणे व मान वाकडी होणे ही त्याची लक्षणे होत. त्यावर औषध नाही; लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तीच लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचावी. पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात.

अडचण अशी की, लशीची एक कुपी बहुधा १०० किंवा अधिक पक्ष्यांची असते आणि विरघळविल्यावर ती तास-दोन तासांतच संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धन्यास ती परवडत नाही, म्हणून तो लस टाळतो आणि रोग सर्व आळीत पसरतो. येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे. त्याने घरोघरच्या पक्ष्यांची नोंद करावी, आधी एक आठवडा सर्वांना जंताचे औषध देववावे आणि ठरल्या दिवशी पहाटे, कोंबड्या सोडण्यापूर्वी, बर्फात ठेवलेली लस आळीवार टोचवून घ्यावी. आजारी पक्ष्यास लस देऊ नये.

एकाएकी बरेच पक्षी मेल्यास ते विकू वा उघड्यावर टाकू नयेत. त्यांना उघड्या हाताने स्पर्शही करू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित वर्दी द्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू उद्भवला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. वेळीच दिलेल्या वर्दीने शेजाऱ्याच्याही कोंबड्या वाचतात. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवण्याचा नियम पाळावा आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत लसीकरणाचा दिवस ठरवून टाकावा.