पिढ्यांगणिक आखूड होत जाणारा वारसा

मानवी पेशीतील प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएमधील ‘टीटीएजीजीजी’ हा सहा अक्षरी क्रम शेकडो-हजारो वेळा ओळीने आलेला असतो. टेलोमेअर नावाचा हा भाग टोकाला झाकून ठेवतो, एरवी पेशी त्या टोकाला तुटलेला डीएनए समजून त्याची दुरुस्ती करू लागली असती. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल अगदी टोकापर्यंत होत नसल्याने टेलोमेअर दर खेपेस थोडे झिजतात आणि फारच आखूड झाले की पेशीचे विभाजन थांबते किंवा ती मरते. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज हे विकर कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात सापडले.

हे विकर जन्मतःच अपुरे असेल, तर ज्या अवयवांतील पेशी सतत नव्याने तयार होतात त्यांना आधी फटका बसतो. वेडीवाकडी, खुरटलेली नखे, मानेवर व छातीवर जाळीसारखे काळपट डाग आणि तोंडात पांढरे चट्टे ही डिस्केराटोसिस कन्जेनिटा या दुर्मीळ आजाराची खूण मानली जाते. मात्र रुग्ण दगावतात ते बहुधा अस्थिमज्जा रक्तपेशी बनवेनाशी झाल्यामुळे. १९९८ मध्ये या आजाराशी निगडित डीकेसी१ हे जनुक सापडले आणि पुढच्याच वर्षी त्यातील दोषामुळे टेलोमरेज घटते हे दिसून आले.

याच विकरातील दोष २००७ मध्ये आनुवंशिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसे कडक होत जाण्याचा विकार असलेल्या काही कुटुंबांतही आढळले, आणि तेव्हा वेगवेगळ्या विभागांत उपचार घेणारे रुग्ण एकाच विकाराचे असू शकतात हे स्पष्ट झाले. सदोष जनुकाबरोबर आखूड टेलोमेअरही अपत्याकडे जात असल्याने पुढच्या पिढीत आजार लवकर आणि अधिक तीव्र स्वरूपात प्रकटू शकतो. आजोबांना उतारवयात दम लागतो, तर नातवाची अस्थिमज्जा बालपणीच निकामी होते. मधल्या पिढीत कधी यकृताचा सिरोसिस दिसतो, तर कधी केस अकाली पांढरे होण्यापलीकडे काहीच जाणवत नाही.

निदानासाठी रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या टेलोमेअरची लांबी फ्लो-फिश या तंत्राने मोजून समवयस्क निरोगी व्यक्तींशी ताडली जाते आणि जनुकीय तपासणीची जोड दिली जाते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा तसेच रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असल्याने नियमित तपासणी आणि धूम्रपान वर्ज्य करणे आवश्यक ठरते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीची नेहमीची तीव्र औषधे व किरणोपचार या रुग्णांच्या फुप्फुसांना व यकृताला झेपत नाहीत, म्हणून त्यांची मात्रा कमी ठेवावी लागते. आणि वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या भावंडातही तोच दोष असू शकत असल्याने, त्याची मज्जा घेण्याआधी त्याचीही तपासणी करणे अपरिहार्य ठरते.