दोन किनारे, एक ‘पेक्षा’

‘या किनाऱ्यापेक्षा तो मोठा’ म्हणताना मराठीत ‘मोठा’ जागचा हलत नाही. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ उचलतो. (संस्कृतातून आलेले ‘तर-तम’ उरलेत ते ‘उच्चतर’, ‘प्रियतम’ अशा मोजक्या शब्दांत.) इंग्रजीत मात्र विशेषणच बदलतं. छोट्या शब्दाला ‘अर’, लांबलचक शब्दाआधी ‘मोअर’: क्लीनर, पण मोअर ब्यूटिफुल. दोन्ही एकदम नको. ‘मोअर बेटर’ म्हणजे छत्रीवर छत्री.

आरे आणि वारे हे किनारे दोनच, म्हणून त्यांतला लांब तो ‘लाँगर’. ‘लाँगेस्ट’ लिहायचं तर गणपतीपुळेही हिशेबात घ्या. खरी फसगत पुढे आहे. ‘इथली वाळू गणपतीपुळ्यापेक्षा मऊ’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत शब्दशः उतरवलं की वाळूची तुलना थेट गावाशी होते. तिथे ‘दॅन’नंतर ‘दॅट अ‍ॅट’ हवं. आणि ‘सीनियर’ला ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतं.

व्याकरणाचा विषय या किनाऱ्याला परका नाही. १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ देणारे मोरो केशव दामले हे गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे भाऊ.