आधी रंग, मग सूत

वस्त्राला रंग केव्हा द्यायचा, या प्रश्नाची परंपरेने तीन उत्तरे दिली आहेत. बांधणीचा रंग कापड विणून झाल्यावर चढतो. पैठणीत रेशमाचे धागे आधी रंगवले जातात आणि मगच मागावर जातात. तिसरा मार्ग मात्र शहरी ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. त्यात सूत अजून तयारच झालेले नसते. मोकळी लोकर रंगवली जाते, पिंजली जाते आणि त्या रंगीत लोकरीतून धागा काततात. रंगद्रव्य तेच, लोकरही तीच. पण क्रम बदलला की वस्त्राचे रूप बदलते. रंगाऱ्याच्या हातातला शेवटचा निर्णय अशा वेळी कातणाऱ्याच्या हातात येतो.

महाराष्ट्राला हातसूत परिचयाचे आहे ते मुख्यतः वर्धा-सेवाग्रामच्या चरख्यामुळे. ते सूत कापसाचे आणि पांढरे. रंगवायचे झाल्यास ते कातल्यानंतर रंगवायचे, असाच प्रघात होता. त्यामागे तांत्रिक कारण आहे. आपल्याकडील नेहमीच्या कापसाचा तंतू आखूड, साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांबीचा असतो आणि त्यावर मेणाचा पातळ नैसर्गिक थर असतो. हा थर कातताना तंतूंना एकमेकांवरून सरकू देतो. रंग नीट बसण्यासाठी मात्र तोच उकळून काढावा लागतो. मेण गेलेला, भिजून वाळलेला कापूस गुठळ्या धरतो आणि चातीवर धागा वारंवार तुटतो.

लोकरीचे तसे नाही. तिचा तंतू लांब, अंगचाच कुरळा आणि लवचिक असतो. धुऊन, रंगवून, वाळवल्यावर तेलाचा हलका हात दिला की ती पुन्हा पिंजण्याजोगी होते. म्हणूनच कातण्याआधी रंगवण्याची कला प्रामुख्याने लोकरीच्या आश्रयाने वाढली.

रंगाचे भांडे

मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या लोकरीत चरबी, घाम, माती आणि काटेकुटे असतात. ही चरबी म्हणजेच लॅनोलिन. ते राहिले तर रंग आत शिरत नाही, म्हणून लोकर प्रथम गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेवतात. येथे पहिला धोका असतो. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. तिला गरम पाण्यात चोळले किंवा गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होतो. एकदा नमदा झालेली लोकर कातता येत नाही. तेव्हा ढवळायचे नाही, पिळायचे नाही आणि भांडे आपोआप निवू द्यायचे, हे रंगशाळेतील पहिले शिस्तीचे नियम.

वनस्पतिज रंगांसाठी तुरटी लागते. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून त्यात ओली लोकर बुडवतात. पाणी हळूहळू ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सुमारे तासभर त्याच उष्णतेवर ठेवतात. तुरटीतील ॲल्युमिनियम रंगकण आणि तंतू यांच्यात दुवा जोडते. मग मंजिष्ठेचा तांबडा किंवा कांद्याच्या सालींचा सोनेरी तपकिरी रंग पक्का बसतो. मंजिष्ठेचे पाणी फार तापले तर लाल रंग मळकट होतो, हे जाणकार सांभाळतात. निळीला तुरटी लागत नाही, पण तिची तऱ्हा निराळी. नीळ पाण्यात विरघळत नसल्याने तिचे वेगळे अल्कयुक्त द्रावण करावे लागते आणि अल्क लोकरीला मारक असल्याने ते बेताचेच ठेवावे लागते.

रासायनिक आम्लरंगांची रीत सोपी आहे. लोकर हे प्रथिन असल्याने पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की रंगकण तंतूकडे ओढले जातात. हे दृश्य पाहण्याजोगे असते. रंगाने गडद झालेले पाणी तासाभरात जवळजवळ स्वच्छ होते. सारा रंग लोकरीने शोषलेला असतो. रंगकाम कोणत्याही पद्धतीने केले तरी त्याची भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत.

हाताने रंगवलेली लोकर क्वचितच एकसारखी उतरते. कोठे गडद, कोठे फिकी. कापडावर असा डाग पडला तर तो दोष ठरतो. मोकळ्या लोकरीत तो दोष राहत नाही, कारण पिंजताना गडद आणि फिके तंतू एकमेकांत मिसळून सरासरी छटा तयार होते. आधी रंगवण्याचा हा मोठा व्यावहारिक फायदा आहे.

डोळ्यात होणारे मिश्रण

रंगीत तंतूंचे मिश्रण रंगपेटीतील मिश्रणापेक्षा वेगळ्या नियमाने चालते. निळा आणि पिवळा जलरंग एकत्र केल्यास हिरवा मिळतो. निळी आणि पिवळी लोकर एकत्र पिंजली तर प्रत्येक तंतू आपला रंग कायम ठेवतो. मिश्रण होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात. परिणामी दुरून करडेपणाकडे झुकणारा, मवाळ हिरवा दिसतो आणि जवळून त्यातले निळे-पिवळे तंतू वेगळे ओळखू येतात. लाल आणि हिरवी लोकर मिसळली तर हाती मातकट रंग येतो.

या नियमांचा शास्त्रशुद्ध अभ्यास एका रंगशाळेतच सुरू झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल यांची १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रयी विणकामशाळेत रंगविभागाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्यापुढे आली होती. दोष रंगात नसून त्याच्या शेजारच्या रंगांत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एकाच धाग्याची छटा शेजार बदलताच वेगळी भासते. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा पुढे चित्रकारांवरही प्रभाव पडला.

कातणाऱ्याचा निर्णय

सूत म्हणजे पीळ दिलेले तंतू. पीळ पडताच तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातील घर्षणामुळे ओढ सहन करणारा धागा बनतो. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, अधिक झाला तर तारेसारखा ताठ होतो. टकळी असो वा चरखा, एक हात लोकर सोडतो आणि दुसरा पिळाची वाट अडवतो किंवा मोकळी करतो. हे प्रमाण बोटांनाच शिकावे लागते.

रंगीत लोकर कातताना यात आणखी एका विचाराची भर पडते. रंग आधी एकत्र पिंजले तर मिश्र छटेचा संथ धागा मिळतो. अनेक रंगांचा लांब पट्टा आडवा न तोडता तसाच कातला तर रंग एकामागून एक लांब अंतराने येतात. तोच पट्टा उभा चिरून अरुंद पट्ट्या कातल्या तर ते भराभर बदलतात. मग दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळून दुपदरी सूत केले की दोन्ही रंग नागमोडी शेजारी बसतात. रंगांचा क्रम शाबूत ठेवायचा असेल तर एकाच धाग्याचे साखळीसारखे फास घेत तिपदरी सूत करतात. एक खबरदारी मात्र आवश्यक. संपूर्ण वस्त्राला पुरेल इतकी लोकर एकाच वेळी रंगवून, मिसळून ठेवावी. नंतर तीच छटा पुन्हा साधणे जवळपास अशक्य असते.

बेटांवरून दख्खनकडे

हा क्रम कायद्याने जपल्याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. तेथील आउटर हेब्रिडीज बेटांवर तयार होणाऱ्या हॅरिस ट्वीडमध्ये लोकर कातण्यापूर्वीच रंगवली जाते. पूर्वी दगडावरच्या शेवाळासारख्या दगडफुलांपासून तपकिरी रंग काढत. १९३४ मध्ये या कापडाच्या व्याख्येत गिरणीत कातलेल्या सुताला मुभा मिळाली आणि हातकताई मागे पडली. पण १९९३ च्या कायद्यानुसार लोकर बेटांवरच रंगवलेली व कातलेली आणि कापड रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले असणे बंधनकारक आहे. हातकताई गेली तरी एकाच धाग्यात अनेक रंगांचे तंतू नांदवण्याची रीत टिकली.

महाराष्ट्रात याचे नाते घोंगडीशी पोहोचते. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि बहुतांशी काळी असते. काळ्या लोकरीवर दुसरा रंग दिसत नाही, त्यामुळे येथे निसर्गानेच रंग दिला आहे असे मानून काम चाले. धनगरांकडून आलेली काळी, पांढरी, तपकिरी लोकर निवडून वेगळी करायची, हवी तशी मिसळून करडी छटा साधायची आणि मग कातायची. सनगर विणकर चिंचोक्याची खळ देऊन ताणा मजबूत करतात आणि घोंगडीचे काठ या निवडलेल्या रंगांतून उठतात. कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊपणासाठी विशेष मोलाची.

आज या जाड लोकरीला पुरेसे गिऱ्हाईक उरलेले नाही. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि लोकर टाकून दिली जाते. तिच्यातील पांढरी लोकर रंगवता येते, काळीशी मिसळता येते, जाजम, आसने आणि पिशव्यांसाठी कातता येते. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी व्हावी लागते. कातरणीच्या दिवशी काळ्या, पांढऱ्या आणि करड्या लोकरीचे ढीग वेगळे ठेवले गेले पाहिजेत. एकदा सारी लोकर एका पोत्यात भरली गेली की नंतरचा कोणताही रंगारी किंवा कातणारा ती वेगळी करू शकत नाही. आणि हे वेगळे ढीग ठेवण्याचे श्रम मेंढपाळ घेईल तो त्याला वेगळा दाम मिळाला तरच.