मंगळ पत्रिकेत नव्हे, छायाचित्रात पाहा

१९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण पत्रिका, मुहूर्त आणि ग्रहशांती यांचे गाठोडे टाकून आलो, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की आजही एखाद्या घरात कोणीतरी हळूच विचारते, "मुलीला मंगळ तर नाही ना?" विचारणाराच्या गळ्यात बाबासाहेबांचे लॉकेट असते, घरात रोज त्रिसरण-पंचशील होते, आणि तरीही आकाशातल्या एका गोळ्याच्या भीतीने चांगल्या मुलीचे स्थळ परत जाते.

आयाबहिणींनो, बंधूंनो, ज्या मंगळाची एवढी धास्ती, तो आहे तरी कसा? तिथे माणसाने पाठवलेली याने उतरलेली आहेत. त्यांतले एक यान ४१ वर्षे बेपत्ता होते. ते ज्यांनी शोधले ते कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हते. आपल्यासारखीच साधी माणसे होती. त्यांची हकीकत प्रत्येक घरात मुलांना सांगावी अशी आहे.

साडेचौदा सेकंदांचा आवाज

२८ मे १९७१ रोजी सोव्हिएत रशियाने ‘मार्स-३’ हे यान मंगळाकडे सोडले. २ डिसेंबर १९७१ रोजी त्याचा उतरणारा भाग पॅराशूटच्या आधाराने मंगळाच्या जमिनीवर टेकला. तिथे अलगद उतरलेले हे माणसाचे पहिले यान. त्याच्या पोटात साडेचार किलो वजनाची एक छोटी गाडीही होती. चाकांऐवजी तिला घसरपट्ट्या होत्या आणि १५ मीटर लांबीच्या दोरीने ती यानाला बांधलेली होती.

उतरल्यावर यानाने संदेश पाठवायला सुरुवात केली आणि सुमारे साडेचौदा सेकंदांत ते मुके झाले. पुढे कधीच बोलले नाही. त्या वेळी साऱ्या मंगळावर धुळीचे प्रचंड वादळ चालू होते. त्यानेच घात केला असे अनेकांना वाटते, पण नक्की कारण कोणालाच सांगता आले नाही. ज्या कारागिरांनी आणि इंजिनिअरांनी रात्रीचा दिवस करून ते यान घडवले, त्यांना आपले यान नेमके कुठे पडून आहे, एवढेही ठाऊक नव्हते. दक्षिण गोलार्धातल्या टोलेमियस नावाच्या विवरात ते उतरले असावे, इतकाच अंदाज होता.

वरून काढलेला फोटो

२००६ साली अमेरिकेचे ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ हे यान मंगळाभोवती फिरू लागले. त्यावर ‘हायराइज’ नावाचा कॅमेरा आहे. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून तो फोटो काढतो. फोटो म्हणजे शेवटी लहान लहान चौकोनी ठिपक्यांची रांगोळी. हायराइजच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे मंगळावरची साधारण एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर जमीन.

नोव्हेंबर २००७ मध्ये या कॅमेऱ्याने मार्स-३ च्या अंदाजित जागेचा एक मोठा फोटो घेतला. त्यात १८० कोटी ठिपके होते. तो पूर्ण बारकाव्यानिशी पाहायचा तर संगणकाचे सुमारे २,५०० पडदे शेजारी शेजारी मांडावे लागतील! हा फोटो सर्वांसाठी खुला होता. पण एवढ्या रानात सुई शोधणार कोण? पाच वर्षे तो तसाच पडून राहिला.

आधी हिशोब, मग शोध

रशियात व्हिताली येगोरोव्ह नावाचे एक हौशी अभ्यासक. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या यानाची माहिती ते रशियन भाषेत लोकांना देत असत आणि त्यांच्याभोवती जिज्ञासू माणसांचा मोठा मेळावा जमला होता. आपल्याच देशाचे हरवलेले यान आपणच का शोधू नये, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी सर्वांना हाक दिली आणि माणसे कामाला लागली.

येगोरोव्ह यांनी शहाणपणाची गोष्ट ही केली की, डोळे फाडून बघत बसण्याआधी कागदावर हिशोब मांडला. उतरताना यानाचे चार भाग वेगवेगळे पडले असणार: पॅराशूट, उष्णतेपासून वाचवणारे कवच, वेग कमी करणारे रॉकेट आणि खुद्द यान. यातला प्रत्येक भाग फोटोत केवढा दिसायला हवा, हे त्यांनी आधी ठरवले.

हा हिशोब आपल्या मुलांनाही करता येईल. गणिताच्या वहीतला चौकोनी रकान्यांचा कागद घ्या. एक रकाना म्हणजे ३० सेंटिमीटर धरा. पॅराशूट पूर्ण पसरले तर ११ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ ३७ रकाने. आणि खुद्द यान? सव्वा मीटरच्या आतबाहेरचा गोळा, म्हणजे फक्त चार रकाने! १८० कोटी ठिपक्यांत चार ठिपके रुंदीची वस्तू शोधायची होती.

३१ डिसेंबर २०१२ रोजी, जग नव्या वर्षाच्या तयारीत असताना, त्यांना हवे ते दिसले. एक अतिशय उजळ डाग, साडेसात मीटर रुंद. पॅराशूट थोडे गोळा होऊन पडले असेल तर जुळणारा. कवचाच्या आकाराची, अर्धवट मातीत गाडल्यासारखी एक वस्तू. रॉकेटच्या मापाची एक वस्तू, आणि तिला लागून एक बारीक रेघ. रॉकेट यानाला साखळीने जोडलेले होते, ती साखळी असू शकते. आणि जवळच चार पाकळ्या उघडल्यासारखी एक आकृती. मार्स-३ ला अशाच चार पाकळ्या होत्या.

दिसले म्हणजे झाले नाही

इथे कोणीही नाचू लागला असता. पण डोळा फसवतो. २५ जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग-१’ ने मंगळाचा एक फोटो काढला, त्यात माणसाचा प्रचंड चेहरा दिसला. लोकांनी त्यावर काय काय कथा रचल्या! पुढे १९९८ आणि २००१ साली चांगल्या कॅमेऱ्याने तीच जागा टिपली, तेव्हा ती एक साधी टेकडी निघाली. चेहरा केला होता तिरप्या उन्हाने आणि सावलीने. ऊन कोणत्या बाजूने पडले आहे हे लक्षात घेतले नाही, तर फोटोतला खड्डा उंचवटा वाटतो आणि उंचवटा खड्डा.

म्हणून येगोरोव्ह जाणकारांकडे गेले. मॉस्कोतील वर्नाडस्की संस्थेचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बाझिलेव्हस्की यांनी हायराइजचे प्रमुख आल्फ्रेड मॅकइवेन यांना कळवले की, त्या जागेचा पुन्हा फोटो घ्या. मार्स-३ च्या निर्मात्यांपैकी एक, आर्नोल्ड सेलिवानोव्ह, यांनी जुनी कागदपत्रे मिळवायला मदत केली. १० मार्च २०१३ रोजी वेगळ्या उन्हात दुसरा फोटो घेतला गेला. त्या वस्तू तिथेच होत्या.

एप्रिल २०१३ मध्ये ही बातमी जगाला सांगितली गेली. तेव्हाही मॅकइवेन यांनी स्पष्ट केले की, जुळणी विलक्षण आहे, पण या आकृत्यांचा दुसरा काही अर्थ असण्याची शक्यता पुरती नाकारता येत नाही. वाचकहो, हा प्रामाणिकपणा ध्यानात घ्या. पत्रिका बघणारा कधी म्हणतो का, "माझे चुकतही असेल"?

असेच आपल्या देशातही घडले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ चंद्रावर आदळले. चेन्नईचे एक इंजिनिअर, षण्मुग सुब्रमण्यन, यांनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून ठिपका न् ठिपका ताडून पाहिला आणि पूर्वी नसलेला एक उजळ ठिपका शोधला. नासाने नवे फोटो घेऊन तपासले आणि २ डिसेंबर २०१९ रोजी त्यांच्या नावानिशी ते मान्य केले.

या आणि पाहा

केसपुत्त गावी कालामांनी तथागतांना विचारले की, नाना गुरू नाना गोष्टी सांगतात, आम्ही कोणाचे खरे मानावे? तेव्हा परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश त्यांनी केला. आपण वंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि पाहा, असा त्याचा अर्थ. रोज तोंडाने म्हणायचे आणि सोयरीक ठरवताना विसरायचे, हे आपल्याला शोभत नाही.

ज्ञान हे जन्माने मिळते, ते काही घराण्यांचेच असते, असे हजारो वर्षे आपल्याला सांगितले गेले. येगोरोव्ह यांच्या सोबत्यांना कोणी जात विचारली नाही, पदवी विचारली नाही. हिशोब बरोबर आहे का आणि दुसऱ्या फोटोत ते दिसते का, एवढेच विचारले. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशाची ताकद हीच आहे.

मंगळाचे हे फोटो आजही कोणालाही फुकट पाहता येतात. घरातल्या मोबाइलवर मुलामुलींना एकदा दाखवा. खडक, वाळू, विवरे आणि गंजलेल्या लोखंडामुळे तांबडी दिसणारी धूळ दिसेल. कोणाचा संसार मोडणारी शक्ती त्यात कुठेही दिसणार नाही.

आपल्या लग्नात महामंगल सुत्त म्हटले जाते. त्यात बहुश्रुत असणे आणि हाताला कसब असणे, याला उत्तम मंगल म्हटले आहे. यापुढे कोणी मुलीचा मंगळ विचारला तर एवढेच सांगा: आमची मुलगी शिकली आहे, तिच्या हाताला काम आहे, हेच तिचे मंगल. आकाशातला मंगळ पाहायचा असेल तर या, फोटो दाखवतो.

जयभीम!