पिशवी काढायची नाही असं ठरलं, मग पुढे?

आपल्या गावाकडे ‘पिशवी काढली’ म्हटलं की बाईचं गर्भाशय काढलं असंच लोक समजतात. म्हणून आधीच स्पष्ट करतो. हा लेख लघवीच्या पिशवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दल आहे.

न दुखता लघवीतून रक्त जाणं हे त्याचं पहिलं लक्षण. शिरूर अनंतपाळच्या उन्हात लघवी लाल झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी घेतो, रक्त आपोआप थांबतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. यातच महिने निघून जातात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि वर्षानुवर्षं रंगकाम करणाऱ्यांना हा धोका जास्त असतो.

कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत गेला की पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे मूत्राशयच काढणं. मग बहुतेकांच्या पोटावर लघवीसाठी पिशवी चिकटवावी लागते. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे तिची स्वच्छता सांभाळणं सोपं नाही. दुसरा मार्ग मूत्राशय वाचवण्याचा आहे. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ जितकी निघेल तितकी खरवडतात. मग चार ते साडेसहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार आणि सोबत केमो देतात. तो सगळ्यांना लागू पडत नाही. गाठी अनेक असतील किंवा मूत्रपिंडाकडून येणारी वाट तुंबली असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियाच सुचवतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१६ मध्ये अशा ४४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात ८३ टक्के रुग्णांचं मूत्राशय वाचलं होतं.

पण वाचलेलं मूत्राशय पहिल्यासारखं राहील असं धरून चालू नका. उपचार चालू असताना जळजळ होते, लघवीला सारखं जावं लागतं, शौचाला पातळ होतं, अंगात त्राण राहत नाही. हे बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. काहींच्या मूत्राशयात मात्र नंतर लघवी कमी मावते. लागली की थांबवत नाही, रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. घरात संडास नसेल तर अंधारात बाहेर जाणं, त्यातही बाईमाणसाला, किती अवघड ते आम्ही वेगळं सांगायला नको. खाटेजवळ झाकणाचं भांडं ठेवा, त्यात लाज कसली! विहारात दाराजवळची जागा धरा. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जायचं तर गाडी कुठे थांबणार ते आधी विचारून ठेवा.

एक चूक आम्हाला वारंवार दिसते. लघवी लागू नये म्हणून माणसं पाणीच पीत नाहीत. लघवी घट्ट होते आणि जळजळ वाढते. पाणी दिवसा पुरेसं प्या, झोपण्याआधी कमी करा, चहा आवरा. विडी तर उपचाराच्या पहिल्या दिवसापासून बंदच.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीच लिहितो. पुरुषांची ताकद कमी होऊ शकते, पण मूत्राशय काढल्यावर होते त्यापेक्षा सहसा कमी. बायकांना कोरडेपणा येतो. दोन्हींवर उपाय आहेत, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

सगळ्यात जड जाते ती तपासणी. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने आत बघावं लागतं. बरं वाटतंय म्हणून ती चुकवू नका. कॅन्सर परतलाच आणि वेळेवर सापडला, तर मूत्राशय काढण्याचा मार्ग अजून उघडा असतो. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं तर ते किरणांमुळेही असू शकतं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. लातूरहून बार्शीचं कॅन्सर रुग्णालय मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे. रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, तिचा दाखला रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो. पहिल्याच फेरीत तो मागून घ्या.